गृहीत धरले ते आधी लिहा

व्यापारी घरातील मुलाला हिशेब शिकवावा लागत नाही, असे म्हटले जाते. परंतु वहीतील हिशेब होऊन गेलेल्या व्यवहाराचा असतो. जो व्यवहार अजून घडलेलाच नाही, त्याचे काय? दुसरे दुकान टाकावे की नाही, दिवाळीसाठी माल किती भरावा, गर्दीच्या वेळी गल्ल्यावर किती माणसे बसवावीत, या प्रश्नांची उत्तरे आजवर वडीलधाऱ्यांच्या अनुभवातून मिळत आली. आता असे प्रसंग प्रत्यक्षात येण्यापूर्वी संगणकावर घडवून पाहता येतात, आणि ही विद्या जोपासणाऱ्या विद्यार्थी स्पर्धाही भरतात.

त्यांपैकी एक जुनी व नावाजलेली स्पर्धा म्हणजे ‘मॅथेमॅटिकल कॉन्टेस्ट इन मॉडेलिंग’. अमेरिकेतील ‘कॉमॅप’ ही संस्था १९८५ पासून ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी घेते. जास्तीत जास्त तिघांचा एक संघ असतो आणि हाती चार दिवस असतात. पुस्तके, संगणक, प्रसिद्ध झालेली माहिती यांचा आधार घेता येतो. मात्र संघाबाहेरच्या कोणत्याही व्यक्तीचा सल्ला घेता येत नाही. आज हजारो संघ भाग घेतात, त्यांत चीनमधील विद्यार्थी बहुसंख्य असतात. शालेय विद्यार्थ्यांसाठी अशीच वेगळी स्पर्धा १९९९ पासून होते.

प्रश्न कसे असतात? २००५ मध्ये विचारले गेले, टोलनाक्यावर किती खिडक्या असाव्यात? २००९ मध्ये विषय होता चौकातील वाहतुकीच्या वर्तुळाचा. २०१६ मध्ये तर टबातील स्नानाचे पाणी शेवटपर्यंत सारखे उबदार कसे ठेवावे, हा प्रश्न आला. यांपैकी एकाचेही उत्तर पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानावर सापडत नाही.

टोलनाक्याचा प्रश्न दुकानात आणून पाहावा. समजा, सरासरी दर ५ मिनिटांनी एक ग्राहक गल्ल्यावर येतो आणि त्याचे बिल करण्यास सरासरी ४ मिनिटे लागतात. साधा हिशेब सांगतो की माणूस एक पुरे. उलट त्याचा पाचवा हिस्सा वेळ रिकामाच जाईल. परंतु ग्राहक घड्याळ लावून येत नाहीत. कधी तिघे एकदम येतात, कधी अर्धा तास कोणीच येत नाही. एकाला एकच वस्तू हवी असते, दुसऱ्याची यादी संपत नाही. येण्याचा आणि बिलाचा वेळ असा पूर्णपणे अनियमित मानून संगणकावर लाखो ग्राहकांची रांग चालवली, तर प्रत्येकाला सरासरी १६ मिनिटे ताटकळावे लागते, असे दिसते. रांग एकच ठेवून गल्ल्यावर दुसरा माणूस बसवला, तर हीच प्रतीक्षा एका मिनिटाच्या आत येते. सरासरीत न दिसणारे नुकसान येथे उघड होते.

यादृच्छिक आकड्यांनी प्रसंग पुनःपुन्हा घडवण्याच्या या पद्धतीला ‘माँटे कार्लो’ म्हणतात. १९४६ मध्ये आजारपणात पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव मांडताना स्टानिस्लाव्ह उलाम या गणितज्ञाला ती सुचली. नाव एका जुगारासाठी प्रसिद्ध गावाचे आहे. ज्या परंपरेने द्यूताला सप्तव्यसनांत गणले, तिच्या वाचकांना ते खटकेल. पण येथे नशिबावर पैसा लावला जात नाही, धोका किती आहे हे आधी मोजले जाते.

या स्पर्धेतील खरा संस्कार मात्र आज्ञावली लिहिण्याच्या पलीकडे आहे. संघाने आपण काय काय गृहीत धरले, ते अहवालात स्पष्ट लिहावे आणि त्याचे कारण द्यावे, अशी अपेक्षा असते. गृहीतक थोडे बदलले तर उत्तर किती हलते, हे तपासावे लागते. आपल्या मांडणीची बलस्थाने लिहावीत, तशाच उणिवाही. वरच्या उदाहरणात दिवसभर ग्राहकांचा वेग सारखाच राहतो आणि रांग पाहून कोणी परत जात नाही, असे धरले होते. खऱ्या बाजारात संध्याकाळी गर्दी वाढते, आणि कंटाळलेला ग्राहक समोरच्या दुकानात जातो. हे न सांगता केवळ ‘१६ मिनिटे’ सांगणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय.

अनेकांताचा वारसा लाभलेल्या समाजाला ही शिस्त परकी वाटू नये. वस्तूला अनेक अंगे असतात आणि प्रत्येक नय त्यांतील एकच अंग दाखवतो. संगणकावरील प्रतिकृतीही एक नयच आहे: अमुक अपेक्षेने असे. ती अपेक्षा विसरून तिलाच पूर्ण सत्य मानले, की एकांत झाला.

गणिताचे नातेही जुनेच आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, जैन आचार्य महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यातील ‘मिश्रकव्यवहार’ या प्रकरणात व्याज, मुद्दल आणि वाटणीची उदाहरणे आहेत. बाजारातील प्रश्न गणितात आणण्यास त्यांना संकोच वाटला नाही.

आज अनेक घरांत मुलगा संगणक शिकतो आणि वडील दुकान पाहतात. दोघांचे बोलणे जेवणाच्या ताटापुरते उरते. आणि त्याच घरात कर्ज काढून दुसरे दुकान घेण्याचा निर्णय कोणीतरी आणून दाखवलेल्या नफ्याच्या आकर्षक तक्त्यावर होतो. त्या तक्त्यात काय गृहीत धरले आहे, विक्री पाचव्या हिश्श्याने घटली तर हप्ता कशातून भरायचा, हे विचारणारे कोणी नसते. हा प्रश्न विचारण्याची विद्या मुलाजवळ आहे, आणि कोणते गृहीतक बाजारात टिकत नाही, हे वडिलांना ठाऊक आहे. स्पर्धेतील पारितोषिक मिळो वा न मिळो. कर्जाच्या कागदावर सही होण्यापूर्वी या दोघांनी एकदा एका वहीपुढे बसावे आणि पहिल्या पानावर गृहीतके लिहावीत.