आर्म्ड आहे का, मामी?

रात्री 2 वाजता फोन वाजला की डोक्यात दोनच शक्यता येतात. एक तर ऑनसाइट गेलेल्या मित्राला आपल्याकडे किती वाजलेत याचा विसर पडलाय, नाहीतर गावाकडे काहीतरी झालंय. त्या रात्री फोन मामीचा होता आणि तिच्या मागे काहीतरी जिवाच्या आकांतानं बोंबलत होतं.

"हे बंद कसं करायचं ते सांग आधी. चोराचं नंतर बघू!"

चोर नव्हताच. हूटर वाजत होता.

मामा-मामी केत्तूरला राहतात. करमाळा तालुका, उजनीचं बॅकवॉटर. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, जुनं गाव पाण्यात गेलं आणि नवं काठावर वसलं. आपण पुणेकर भिगवणला फ्लेमिंगोचे फोटो काढतो, मासे हाणतो आणि परत येतो. त्याच पाण्यावर इकडे ऊस आणि केळी उभी असते. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, तशा मोटारी पुढे न्याव्या लागतात, केबल लांबत जाते. आणि तांब्यासाठी ती केबल रातोरात कापून नेणारेही येतात. मामाची दोनदा गेली. त्यात शेतीची लाइट पाळीनं, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की मामा दारं धरायला रानात आणि मामी वस्तीवरच्या घरात एकटी. शेजार आहे, पण हाक जरा मोठी मारावी लागते.

म्हणून हिंजवडीतल्या मामेभावानं अलार्म बसवून दिला. पहिल्या आठवड्यात तो चार वेळा उगाचच बोंबलला. मामानं वैतागून बटण बंद केलं. मग महिनाभर तो डबा भिंतीवर कॅलेंडरशेजारी नुसता लटकत होता.

एका शनिवारी मी मॅन्युअल घेऊन ओसरीवर बसले. अक्षर मुंगीएवढं, भाषा इंग्रजी. पण खरी अडचण इंग्रजीची नव्हतीच. त्यातले शब्द कुणी समजावूनच सांगितले नव्हते.

पहिला शब्द, झोन. घराचा एकेक भाग म्हणजे एकेक झोन. पॅनेलवर '3' लुकलुकला की काय समजायचं? मामीनं वहीचं पान फाडलं आणि यादी केली: 1 पुढचं दार, 2 मागचं दार, 3 मधली खोली, 4 माळवदाचा जिना. यादी डब्याखाली चिकटवली. निम्मी भीती तिथंच गेली.

दुसरा, मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट. दाराच्या फळीवर लोहचुंबक, चौकटीवर छोटा स्विच. दार उघडलं की दोघांची ताटातूट होते आणि पॅनेलला कळतं. एकदम सोपा फंडा. फक्त पावसाळ्यात लाकडी दार फुगलं, नीट मिटलं नाही, तर हा बिचारा फसतो.

तिसरा, पीआयआर, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड. मामीला वाटायचं, त्यातून किरण निघतात आणि त्यांनी डोकं दुखतं. पॅसिव्ह म्हणजे तो स्वतः काहीच सोडत नाही. समोर हलणाऱ्या गरम अंगाची ऊब तेवढी टिपतो. आमचा पीआयआर नेमका पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून बसवलेला. उन्हानं तापलेला पडदा हलला की त्याला माणूस वाटायचा. शिवाय घरची मांजर कपाटावर उडी मारून थेट त्याच्या नाकासमोर. याची दुसरी गंमतही लक्षात ठेवा. सोलापूरकडच्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान अंगाच्या तापमानाजवळ पोचलं, की त्याला माणूस आणि भिंत यांतला फरकच नीट कळत नाही. म्हणून उष्णतेचा हिशेब आपोआप जुळवून घेणारा सेन्सर घ्यायचा आणि तो कोपऱ्यात लावायचा. कारण समोरून आडवं जाणारं माणूस त्याला पटकन दिसतं, सरळ अंगावर चालून येणारं उशिरा.

पण खरा घोळ चौथ्या शब्दात होता. आर्म करणं म्हणजे अलार्म जागा करणं. त्याचे दोन प्रकार असतात. 'अवे' म्हणजे घरात कुणीच नाही, सगळे सेन्सर जागे. 'स्टे' म्हणजे माणसं घरात आहेत, फक्त दारं राखायची, आतला पीआयआर झोपलेला. मामी रोज रात्री 'अवे' दाबून झोपायची आणि पाणी प्यायला उठली की स्वतःच चोर ठरायची!

मग एंट्री डिले. दार उघडल्यावर कोड दाबायला मिळणारे सेकंद. मामा पहाटे चिखलाचे पाय धुऊन, टॉर्च ठेवून कोड दाबणार, तोवर वेळ संपायचा. आम्ही तो 45 सेकंद केला. पॅनिक बटण मात्र '24 तास झोन'मध्ये असतं. अलार्म आर्म असो वा नसो, दाबलं की वाजणारच. ते देवघरातून काढून मामीच्या उशाशी आणलं.

मामा इतका वेळ तंबाखू मळत ऐकत होता. मग त्यानं एकच प्रश्न विचारला. केबल गेलेल्या माणसाचा प्रश्न.

"आणि वायर कापली तर?"

याचं उत्तर एंड ऑफ लाइन रेझिस्टर. वायरच्या शेवटाला, सेन्सरपाशी एक छोटा रेझिस्टर बसवतात. पॅनेल त्यातून सतत किंचित करंट सोडून माप घेत असतं. वायर कापली तरी माप बदलतं, दोन तारा एकमेकींना जोडल्या तरी बदलतं. आम्ही डब्याचं झाकण उघडलं (टॅम्पर स्विचमुळे तेही बोंबललंच). बघतो तर चारही रेझिस्टर डब्यातच बसवलेले! म्हणजे वायर कापली तर कळलं असतं, पण कुणी तारा जोडून मग दार उघडलं असतं, तर पॅनेलला सगळं आलबेल वाटलं असतं. बसवून देणाऱ्याचे कष्ट वाचले, एवढंच. त्याला परत बोलावून ते सेन्सरपाशी न्यायला लावले. लाइट गेली तर काय, म्हणून आतली बॅटरीही तपासून घेतली.

तुमचेही आई-बाबा गावाकडे एकटे असतील, तर ऑनलाइन ऑर्डर करून मोकळे होऊ नका. बसवणाऱ्याला विचारा: रेझिस्टर कुठे आहे? स्टे मोड कसा लावायचा? लाइट नसताना किती तास चालेल? आणि तो निघायच्या आधी वॉक टेस्ट करा. म्हणजे घरभर स्वतः फिरून प्रत्येक सेन्सर जागा होतोय का ते बघा. शक्य असेल तर आईलाच फिरू द्या.

हेही खरं की हूटर चोराला धरत नाही, तो माणसं बोलावतो. म्हणून पॅनेलच्या डायलरमध्ये पहिला नंबर पुण्याचा नको, मी पोचेपर्यंत उजाडेल. पहिले दोन नंबर शेजारच्या वस्तीचे टाकले, भावाचा तिसरा, माझा चौथा. पोलिसांचा 112 मामीला पाठ आहे. सोलापूर ग्रामीणमध्ये ग्रामसुरक्षा यंत्रणाही आहे, एका फोनवर गावभर निरोप जातो. त्यात मामीचा नंबर आहे की नाही, ते मामानं सोमवारी गावात जाऊन बघितलं.

आता रात्रपाळी असली की साडेदहाला माझ्या मोबाइलवर मेसेज येतो. 'सिस्टीम आर्म्ड, स्टे.' पाठोपाठ मामीचा फोन.

"आला का गं मेसेज?"

"आला."

"मग झोप आता तू निवांत."

एकटी ती असते, आणि निवांत झोपायला मला सांगते.