जायचं तर नीट जावं!

परदेशप्रवासाबद्दल सल्ला द्यायला स्वतः परदेशी जाऊन यावे लागते, अशी अट आपल्याकडे नाही. सल्ला मराठी माणसाच्या अंगी उपजतच असतो. त्यातला एक सल्ला तर मला वर्षभरात इतक्या जणांनी दिला आहे, की तो चौथीच्या पाठ्यपुस्तकात असावा असा मला दाट संशय आहे. तो सल्ला म्हणजे, "जायचं तर नीट जावं, नाहीतर जाऊच नये!"

या वाक्याचा मी जाहीर निषेध करतो.

घडले एवढेच होते. मुलीकडे जर्मनीला गेलो असताना आम्ही दोघे एका शुक्रवारी संध्याकाळी उठून रोमला गेलो आणि रविवारी रात्री परत आलो. मिळाले त्यांतल्या सर्वांत स्वस्त विमानाने गेलो, मिळाल्या त्यांतल्या सर्वांत स्वस्त जागी उतरलो आणि बहुतेक रोम पायी पाहिले. हे ऐकल्यावर आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर असा भाव उमटला, की मी रोमला जाऊन रेल्वे फलाटावर झोपलो असावा. "दोन दिवसांत रोम? अहो, रोम एका दिवसात बांधलं नाही!" म्हणाले. मान्य. पण मी ते बांधायला गेलोच नव्हतो, बघायला गेलो होतो.

गृहस्थ स्वतः नीट जाऊन आले होते. नीट म्हणजे पंधरा दिवस, आठ देश, बरोबर चाळीस माणसे आणि रोज रात्री वरण-भात. त्यांत रोमच्या वाट्याला साडेतीन तास आले. त्यातला पाऊण तास चाळीस माणसांच्या प्रसाधनगृहाच्या रांगेत गेला आणि अर्धा तास एकच फोटो चाळीस फोनांवर काढण्यात. उरलेला वेळ म्हणे कोणीतरी छत्री उंच धरून पुढे चालले होते. रोममधले काय आठवते असे विचारल्यावर त्यांनी छत्रीचा रंग अचूक सांगितला.

आता आमच्या अनीट प्रवासाची हकीकत ऐका. स्वस्त विमानाबद्दल लोक फार वाईट बोलतात. तिकीट स्वस्त असते हे खरे, पण तिकिटाखेरीज बाकी सगळे महाग असते. विमानाच्या दाराशी एक लोखंडी पिंजरा ठेवलेला असतो. आपली पिशवी त्यात बसली तर फुकट, नाही बसली तर तिकिटापेक्षा जास्त दंड. आमची पिशवी बसेना. तेव्हा हिने शांतपणे दोन स्वेटर काढून अंगात चढवले, वरून माझा कोट घातला आणि कोटाच्या दोन्ही खिशांत थालीपिठांच्या पुरचुंड्या कोंबल्या. पिशवी पिंजऱ्यात गेली, ही विमानात गेली. गुडघे हनुवटीला टेकवून दोन तास बसण्याबद्दल म्हणाल, तर ज्याची हयात एस.टी.च्या मागच्या बाकावर गेली त्याला हे शिक्षण वेगळे घ्यावे लागत नाही.

उतरलो ते नन्स चालवतात अशा एका अतिथिगृहात. खोलीत दोन खाटा, एक टेबल आणि भिंतीवर एक क्रूस. रात्री ११ ला दार बंद म्हणजे बंद. हिला आपल्या कॉलेजच्या वसतिगृहाची आठवण होऊन भरून आले. सकाळी नऊच्या आत आम्ही रस्त्यावर असू, कारण खोलीत बसून राहावे असे खोलीत काही नव्हते. पंचतारांकित हॉटेलात उतरलेल्या माणसाची हीच पंचाईत होते. खोलीला इतके पैसे दिलेले असतात, की ती सोडून बाहेर जाणे नुकसानीचे वाटू लागते.

आणि रोमसारखे गरिबाला धार्जिणे शहर मी दुसरे पाहिले नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर बिडाचे नळ आहेत. त्यांना तिथले लोक 'नाझोने', म्हणजे मोठं नाक, असे म्हणतात. १८७४ पासून ते बसवत आले आहेत आणि आज असे सुमारे अडीच हजार नळ आहेत. त्यांतून थंडगार पाणी अखंड वाहत असते. नाकाच्या टोकाशी बोट दाबले की वरच्या छोट्या भोकातून पाण्याची चूळ उडते, तिथे तोंड लावायचे. हे कळायच्या आधी शेजारच्या दुकानात पाण्याची बाटली विकत घेतात, ते नीट गेलेले लोक.

कॉफीचेही तसेच. काउंटरशी उभे राहून प्यायलात तर सव्वा-दीड युरो, तीच कॉफी खुर्चीवर बसून प्यायलात तर खुर्चीचे भाडे वेगळे. रोमन माणूस स्वतः उभ्यानेच पितो, दोन घोटांत संपवतो आणि जातो. पिझ्झा वजनावर मिळतो. काचेमागच्या लांबलचक पाटावर बोट ठेवून 'एवढा' म्हणायचे, की तो कापून तराजूत टाकतात. आमच्या हिला हा व्यवहार फार पसंत पडला. भाजीवाल्याशी बोलायचे सगळे हातवारे तिला तिथे जसेच्या तसे उपयोगी पडले.

ज्युलियस सीझरला इसवीसनपूर्व ४४ मध्ये जिथे भोसकले, ती लार्गो अर्जेंटिनाची जागा रस्त्याच्या कठड्यावर कोपरे टेकून वरून दिसते. खाली भग्न देवळे आहेत आणि त्या देवळांत मांजरे झोपलेली आहेत. साम्राज्याचे पुढे काय होते हे इतक्या थोडक्यात समजावून देणारे दुसरे ठिकाण नसेल. कॅपिटोल टेकडीच्या मागच्या बाजूला जा, अख्खा रोमन फोरम पायाशी पसरलेला, दमडी न देता. कोलोसियममध्ये आम्ही गेलो नाही, बाहेरून एक प्रदक्षिणा घातली. "म्हणजे आत गेलाच नाहीत?" असे दुसरा मजला ओरडला. आषाढीला पंढरपूरला जाऊन नुसते कळसाचे दर्शन घेऊन परतणाऱ्या वारकऱ्याला आपण 'वारी फुकट गेली' असे म्हणतो काय?

वारीचे नाव उगाच काढलेले नाही. रोममधली थोर चित्रे देवळांत टांगलेली आहेत आणि बहुतेक देवळांना तिकीट नाही. दुपारी मात्र अनेक देवळे वामकुक्षीसाठी बंद असतात, तेव्हा पुणेकराला तिथे परके वाटायचे कारण नाही. सान लुइजी या फ्रेंचांच्या देवळात काराव्हाज्योची तीन चित्रे आहेत. एकात मॅथ्यू नावाचा जकातदार टेबलाशी बसून पैसे मोजतो आहे आणि अंधारातून येशू त्याला हाक मारतो आहे. देवळातही काळोख असतो. पेटीत नाणे टाकले की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. आम्ही तिघा-चौघांच्या नाण्यांवर चित्र पाहिले आणि शेवटी एक नाणे आम्हीही टाकले. गंमत अशी की नाणे कोणी टाकले हे दिवा विचारीत नाही, सगळ्यांनाच सारखे दिसते.

तिथून चार पावलांवर सांत'आगोस्तिनोचे देऊळ आहे. तिथे याच चित्रकाराचे १६०४-०६ च्या सुमाराचे एक चित्र आहे. दारात बाळाला घेऊन मेरी उभी आहे आणि समोर दोन यात्रेकरू गुडघे टेकून हात जोडताहेत. म्हातारीच्या डोक्यावरची टोपी फाटकी आणि मळकी. पुरुषाचे अनवाणी तळपाय थेट आपल्या तोंडासमोर येतात, आणि ते मातीने काळे झालेले आहेत. चित्र लागले तेव्हा सामान्य लोकांनी त्यावरून केवढा गलका केला, हे बाल्योने या त्या काळच्याच चित्रकाराने नाक मुरडून लिहून ठेवले आहे. गलका का करणार नाहीत? देवळात प्रथमच त्यांना आपले पाय दिसले असतील!

हे पाय कोणाचे? दोन दिवसांसाठी, पदरी थोडे पैसे बांधून आलेल्या माणसाचे. १३०० साली पोप आठव्या बोनिफेसने पहिले जुबिली वर्ष जाहीर केले, तेव्हा हेच पाय रोमला लोटले. गर्दी इतकी, की टायबरवरच्या पुलावर जाणाऱ्यांना एक बाजू आणि येणाऱ्यांना दुसरी, अशी विभागणी करावी लागली. दान्तेने ही व्यवस्था आपल्या महाकाव्यात नोंदवली आहे, आणि तीही नरकाच्या वर्णनात. १५४८ साली फिलिप नेरी या साधूने गरीब यात्रेकरूंसाठी एक मंडळ काढले. तिथे त्यांना राहायला जागा आणि जेवण मिळे आणि मोठमोठे सरदार आणि कार्डिनल त्यांचे पाय धूत. पायांना दंड करीत नसत, धूत असत. एवढाच फरक ध्यानात ठेवा.

कारण आता दंडाकडे वळायचे आहे. स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून मनाई आहे, बसलात तर जबर दंड. या पायऱ्यांना पैसा फ्रेंचांचा, नाव स्पेनचे, जागा इटलीची आणि बसायची बंदी सगळ्या जगाला! पँथिऑनला २०२३ च्या जुलैत ५ युरोचे तिकीट लागले. त्याच्या घुमटाला मधोमध जवळजवळ ९ मीटर रुंद भोक आहे. त्यातून ऊन आणि पाऊस आत येतात, ते मात्र अजून फुकट. आणि याच देशातल्या व्हेनिसने एप्रिल २०२४ मध्ये काही ठरावीक दिवसांपुरता दिवसभरासाठी येणाऱ्यांवर ५ युरोचा कर बसवला. शहरातल्या हॉटेलात राहणाऱ्याला तो माफ, कारण त्याचा कर खोलीच्या बिलात येतो म्हणे. म्हणजे ज्याला तिथे खोली परवडत नाही, त्यानेच दारात पैसे मोजायचे. 'आम्हाला दर्जेदार पर्यटक हवेत' असे हल्ली तिकडे बोलतात. दर्जा म्हणजे काय, तर खिसा. आमचा दुसरा मजला आणि व्हेनिसची नगरपालिका यांचे असे एकमत व्हावे, हा योगायोग नव्हे. वाक्य एकच आहे. जायचं तर नीट जावं, नाहीतर जाऊच नये!

दुसरी बाजू मला ठाऊक आहे. व्हेनिसच्या जुन्या बेटांवर १९५१ साली पावणेदोन लाख लोक राहत होते, आता पन्नास हजारही उरलेले नाहीत. ज्या वाड्यात पिढ्यान् पिढ्या लोकांनी माशांचे कालवण शिजवले, तिथे आज आठवड्याच्या भाड्याने पाहुणे उतरतात. वाणी गेला, न्हावी गेला, मुखवटे विकणारा आला. हे दुःख खरे आहे आणि त्यावर विनोद करायची माझी तयारी नाही. पण हे वाडे भाड्याने कोणी दिले? डबा घेऊन सकाळी आलेल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलेल्या माणसाने तर नाही. घरभाड्यांवर लगाम घालायचा तर घरमालक रागावतो आणि त्याला तिथे मत असते. पाहुण्याला मत नसते. तेव्हा पाच युरो पाहुण्याकडून घ्यावेत हे सोयीचे.

गर्दी आवरायची तर जरूर आवरा. संख्या ठरवा, रांग लावा, जो आधी येईल त्याला आधी सोडा. कचरा करील, ओरडेल, कारंज्यात उतरेल त्याला दंड करा, मग तो कितीही ताऱ्यांच्या हॉटेलातून आलेला असो. पण गर्दी कमी करायची म्हणून आधी गरिबाला वगळायचे, ही काही गर्दी आवरण्याची युक्ती नव्हे. ती चाळण आहे. आणि ज्या शहराने सातशे वर्षे मळक्या पायांच्या आशीर्वादाने भाकरी खाल्ली, त्या शहराने तरी ती वापरू नये.

तेव्हा माझी सूचना अगदी साधी आहे. ती रोमला, व्हेनिसला आणि दुसऱ्या मजल्यालाही लागू आहे. कोण नीट आला आणि कोण अनीट हे ठरवायचेच असेल, तर वेशीवर माणसाचे पाकीट उघडायला लावू नका. परत जाताना त्याला बूट काढायला सांगा. ज्याच्या टाचा दुखत असतील, पायाला फोड आले असतील आणि मोज्याला भोक पडले असेल, त्याने शहर पाहिले असे समजा आणि त्याला पुन्हा यायचे आमंत्रण द्या. ज्याचे तळपाय गुळगुळीत निघतील त्याच्याकडून पाच युरो घ्यायला माझी काहीही हरकत नाही.