सन्मान पुरे, हिशोब सांगा

जॉन ली हूकर यांचा ‘द हीलर’ हा १९८९ चा अल्बम पुन्हा विनाइल तबकडीवर आला. रसिक म्हणतात, ‘वयोवृद्ध ब्लूज गायकाचा केवढा सन्मान!’ आम्ही विचारतो, सन्मान म्हणजे नेमके काय?

हूकर मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातले, बटईने शेती करणाऱ्या घरातले. डेट्रॉइटला त्यांनी दिवसा कारखान्यात झाडलोट केली, रात्री गिटार वाजवली. १९४८ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले ‘बूगी चिलन’ प्रचंड खपले. पण गीताच्या श्रेयात त्यांच्या शेजारी निर्माते बर्नार्ड बेसमन यांचेही नाव लागले. एका कंपनीच्या पैशात भागेना, म्हणून हूकर टेक्सास स्लिम, डेल्टा जॉन अशा खोट्या नावांनी इतर कंपन्यांसाठी गायले. पोटासाठी माणसाला स्वतःचे नाव लपवावे लागते, याला शोषण नाही तर काय म्हणायचे?

पुढे बेसमन यांच्या कंपनीने ‘बूगी चिलन’वरून झीझी टॉप या गोऱ्या बँडवर दावा लावला. १९९५ मध्ये अपील न्यायालयात निकाल झाला. भांडण हूकर यांच्या गाण्याच्या मालकीचे, आणि फिर्यादी हूकर नव्हतेच!

काही जण म्हणतात, कार्लोस सँटाना, बॉनी रेट अशा पाहुण्यांनी ‘द हीलर’मध्ये हूकर यांना तारले. साफ चूक. रेट यांच्यासोबतच्या ज्या गाण्याला ग्रॅमी मिळाले, ते ‘आय एम इन द मूड’ हूकर यांनी १९५१ मध्येच गाजवले होते. गाणे तेच, गळा तोच. म्हातारपणी त्यांना पैसा मिळाला याचा आम्हाला आनंद आहे. पण उशिरा आलेला पैसा आधीची लूट पुसत नाही.

१९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. हे नाते नुसत्या दुःखाचे नाही, हक्क मागण्याचे आहे. म्हणून तरुण मित्रांनो, हूकर जरूर ऐका, पण आपल्या घरातही पाहा. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. आज जयंतीच्या डीजेवर भीमगीत वाजते, तेव्हा कवी कोण हे कितीजण सांगतात? २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण दिले आहे. कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी ते समजून घ्या.

तबकड्या शंभरदा काढा. पण नाव कोणाचे आणि पैसा कोणाला, ते आधी सांगा.

जय भीम!