गुण की ज्येष्ठता? सुरतेतून गाजलेला प्रश्न

कॉलेजियमवर वाद झडतात ते दिल्लीत. सुरतेच्या लिंबायतमधील खानदेशी यंत्रमाग कामगाराचा दावा मात्र बहुधा जिल्हा न्यायालयाच्या पुढे जातच नाही. तेथील न्यायाधीश निवडतो कोण? संविधानाच्या अनुच्छेद 233 नुसार नेमणूक राज्यपालांची, पण उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून. व्यवहारात शिफारस उच्च न्यायालयाचीच.

गुजरात उच्च न्यायालयाने 2023 मध्ये 68 न्यायिक अधिकाऱ्यांची जिल्हा न्यायाधीश संवर्गात बढतीसाठी निवड केली. त्यांत राहुल गांधी यांना बदनामी खटल्यात शिक्षा सुनावणारे सुरतेचे मुख्य न्यायदंडाधिकारीही होते, म्हणून गाजावाजा राजकीय झाला. खरा आक्षेप निराळा होता. 200 पैकी 135.5 आणि 148.5 गुण मिळवलेले दोन अधिकारी वगळले गेले आणि कमी गुणांचे ज्येष्ठ निवडले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच राज्य सरकारने 18 एप्रिलला अधिसूचना काढली. ही घाई अनाकलनीयच. 12 मे रोजी बढत्यांना अंतरिम स्थगिती मिळाली.

17 मे 2024 रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने मात्र प्रक्रिया वैध ठरवली: किमान पात्रता गुण मिळवल्यावर ज्येष्ठतेने निवड करणे नियमबाह्य नाही. निर्णय नियमांना धरून आहे. परंतु ‘गुणवत्ता-सह-ज्येष्ठता’ या शब्दांत कोणाला किती वजन, हे परीक्षेआधी उमेदवाराला निःसंदिग्धपणे कळायला हवे होते. गोव्यातील जिल्हा न्यायाधीशांच्या शिफारशी मुंबई उच्च न्यायालयाकडून येतात. तेव्हा हा प्रश्न येथेही परका नाही.