निजामाचा कापूस, शहाजहानचा महाल

भुताची गोष्ट लिहायची तर आधी नायकाला सरकारी नोकरी लावून द्यावी, ही क्लृप्ती रवींद्रनाथ टागोरांची. त्यांच्या ‘क्षुधित पाषाण’ या कथेचा निवेदक हैदराबादेत निजामाच्या चाकरीला लागतो आणि कापसावरचा कर वसूल करायला आडगावी जातो. दिवसा वह्या नि हिशेब. रात्री ओस पडलेल्या संगमरवरी महालात पैंजणांची रुणझुण. मूळ महाल मात्र निजामाच्या मुलखातला नव्हेच. १८७८ मध्ये १७ वर्षांचे रवींद्रनाथ अहमदाबादेत थोरले बंधू सत्येंद्रनाथांकडे राहिले. न्यायाधीश बंधूंचं बिऱ्हाड शहाजहानसाठी बांधलेल्या शाहीबागेतल्या महालात, खाली साबरमती. बंधू कचेरीत गेले की रिकाम्या दालनांत हा पोरगा एकटाच. कथेचं बी तिथे पडलं. कथा छापून आली १८९५ मध्ये. तोवर भुतांपेक्षा त्यांच्याभोवतीचं रोजचं जगणंच भरीव झालं होतं: करवसुली, साहेबी कोट, स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेले श्रोते. गोष्ट ऐन रंगात येते, गाडी लागते आणि उलगडा राहूनच जातो. पहिल्याच पानावर वटवाघळं सोडणाऱ्या आपल्या भयकथाकारांनी आधी एखादा कारकून नीट रंगवावा. पुढचं काम भूत बघून घेतं.