गंजलेल्या नटाची थकबाकी

वाचकहो, बँकेच्या टेबलामागे आयुष्य घालविलेल्या माणसाने मोटरसायकलच्या चाकाविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या भागात शेत, बाजार, शाळा आणि सोयरे-धायरे या साऱ्यांना जोडणारे वाहन तेच आहे. आणि त्यावर बसणारे आपल्याच घरचे असतात. म्हणून या वेळी व्याज व मुदतठेव बाजूस ठेवून, माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. भिलवडीस राहणाऱ्या माझ्या भाच्याची मोटरसायकल त्या वेळी चार दिवस पाण्याखाली होती. पूर ओसरल्यावर त्याने इंजिनाचे तेल बदलले, कार्ब्युरेटर साफ करून घेतला. गाडी सुरू झाली आणि सर्वांना हायसे वाटले. चाकांच्या नटांकडे मात्र कोणी पाहिले नाही. पुढे त्याच गाडीवरून उसाच्या शेतात रासायनिक खताची पोती जात राहिली. खतातील क्षार ओल धरून ठेवतात, त्यामुळे गंजाला शब्दशः खतपाणीच मिळाले.

दोन वर्षांनी, भर पावसाळ्यात, तो पत्नी व लहान मुलीसह कुंडलला आमच्याकडे आला असता मागचे चाक पंक्चर झालेले दिसले. एक्सलचा नट हलेना. त्याने ढिल्या जबड्याचा अ‍ॅडजस्टेबल पाना लावून जोर केला. नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला. मग छन्नी आणि हातोडी आली. नट निघाला, परंतु एक्सलचे आटे चेपले. पंक्चर काढल्यावर तोच नट ठोकून-ठाकून बसविला. त्यातली स्प्लिट पिन केव्हाच गंजून गळून पडली होती.

“मामा, अंधार पडतोय. उद्या सकाळी गॅरेजला दाखवतो,” तो म्हणाला.

“सावकाश जा,” एवढेच मी म्हणालो.

गावाबाहेर पडताच गाडीचा मागचा भाग डुलू लागला. सुदैवाने त्याने लगेच थांबून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तो नट शेवटच्या दोन आट्यांवर आलेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. कर्जप्रकरणावर सही करण्यापूर्वी प्रत्येक कागद दोनदा वाचणाऱ्या माणसाने तीन जिवांच्या प्रवासाला न पाहताच मंजुरी दिली होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अण्णांना बोलाविले. ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने, आमच्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना उभारला. लोखंडी नांगराबरोबर नट, बोल्ट आणि पानाही या पंचक्रोशीतील शेतकऱ्याच्या हाती आला. ज्या गावाच्या उशाशी शंभर वर्षे लोखंडाची विद्या नांदली, तिथे आम्ही छन्नीने नट फोडीत होतो!

अण्णा रागावले नाहीत. म्हणाले, “साहेब, लोखंड गंजलं की फुगतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा धरतो. आट्यांच्या फटीत तो फुगला की नट आवळला जातो. तिथं ताकद नाही, वेळ द्यावा लागतो.”

त्यांनी शिकविलेली रीत अशी. प्रथम तारेच्या ब्रशने उघड्या आट्यांवरील माती व गंज काढावा, कारण नटाला त्याच आट्यांवरून बाहेर यायचे असते. मग गंज सोडविणारे पातळ तेल थेंबाथेंबाने सोडून रात्रभर मुरू द्यावे. ते ब्रेकच्या ड्रममध्ये वा डिस्कवर मुळीच जाऊ देऊ नये. सकाळी नटावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. धक्क्याने गंजाची पकड तुटते. पाना नटाच्या मापाचाच, शक्यतो सहा कोनी सॉकेट असावा; बारा कोनी पाना झिजलेल्या कोपऱ्यांवरून लवकर घसरतो. एक्सलचे दुसरे टोक पान्याने धरून नट आधी किंचित आवळावा, मग सोडवावा. थोडा हलला की पुन्हा तेल, पुन्हा मागे-पुढे. ज्योतीने तापविण्याचा उपाय घरी करू नये. शेजारी टायर, बेअरिंगचे ग्रीस आणि पेट्रोलची टाकी असते.

नट गोल झालाच असेल, तर त्याच्या दोन बाजू कानशीने घासून लहान मापाचा पाना बसवावा. तेही न साधल्यास नट उभा कापून काढावा. “नट जाऊ द्यायचा, एक्सल वाचवायचा,” हे अण्णांचे सूत्र. आमच्या प्रकरणात तो वाचण्याजोगा उरला नव्हता. नवा नट हाताच्या बोटांनी आट्यांवर शेवटपर्यंत फिरला पाहिजे, ही त्यांची कसोटी. न फिरल्यास एक्सल बदलायचा. नट वेल्डिंगने चिकटविणे हा उपाय नव्हे. पुढच्या पंक्चरला तोच प्रश्न दुप्पट होऊन उभा राहतो.

नवा एक्सल बसविताना त्याच्या गुळगुळीत दांड्यावर ग्रीसचा पातळ थर दिला. आट्यांवर मात्र भरमसाट तेल नको. त्यामुळे तितक्याच जोरात नट प्रमाणाबाहेर आवळला जातो. चेनचा ताण आणि दोन्ही बाजूंच्या खुणा जुळविल्या, पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने नट आवळला आणि नवी स्प्लिट पिन घातली. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरू नये. शेवटी ब्रेक पॅनेलला धरून ठेवणाऱ्या टॉर्क रॉडचा नट तपासला. तोही गंजलेलाच निघाला.

सारा खर्च काही शंभर रुपयांचा होता. बँकेत मी पाहत आलो, की खाते एका दिवसात बुडत नाही. पहिला हप्ता थकतो तेव्हा कोणी विचारीत नाही. पुरानंतर चाक खोलून नट स्वच्छ करणे, हा आमचा थकलेला पहिला हप्ता होता.

भाचा आता दर पावसाळ्यानंतर चाके खोलून घेतो. मीही निरोप देताना केवळ “सावकाश जा” म्हणत नाही. वाकून मागच्या चाकाची पिन पाहतो. गुडघे दुखतात, तरी पाहतो. आपल्याही दारात गाडी उभी असेल, तर येत्या रविवारी एवढे अवश्य करावे.