तात्या विंचूचा जबडा

भयपटांतील खलनायकांच्या संग्राह्य बाहुल्यांचे मोल ठरविण्याची एक रीत आता रूढ झाली आहे. चेहरा पडद्यावरील पात्राशी किती जुळतो, रंगकाम किती बारीक आहे, सांधे किती वळतात आणि मुख्य म्हणजे खोका फोडलेला तर नाही ना! जालन्यातील आमच्या एका माजी विद्यार्थ्याने 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) मधील चकी असाच बंद खोक्यात आमच्यापुढे ठेवला, तेव्हा या शेवटच्या निकषाचे आम्हांस हसू आले. जो बाहुला कधी हलणारच नाही, त्याला भ्यायचे कशासाठी?

त्याच चित्रपटाच्या धर्तीवर महेश कोठारे यांनी १९९३ साली 'झपाटलेला' आणला. त्यातील तात्या विंचू घडविला रामदास पाध्ये यांनी. यशवंत पाध्ये यांच्यापासून चालत आलेला अर्धवटराव याच घरातला. दोघांची जातकुळी एकच, बोलक्या बाहुल्याची. पण एक हसवतो आणि दुसरा भिववतो. हा फरक चेहऱ्यात थोडा आणि चालविणाऱ्या हातात, दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात अधिक आहे. (तात्याचा चेहरा मुळात फारसा भयंकर नाहीच, असे आमचे मत.)

म्हणून तात्याची प्रतिकृती कोणी आमच्यापुढे आणली, तर आम्ही प्रथम तिचा जबडा पाहू. तो हलत नसेल, तर रंगकाम कितीही सुबक असो, ती केवळ मूर्ती होय. जबडा हलत असेल आणि हाताळून हाताळून रंग उडालेला असेल, तर संग्राहक तिची किंमत कमी करतील, आम्ही वाढवू.

आमच्या विद्यार्थ्याने खोका मात्र अद्याप फोडलेला नाही.